बेसूर

बेसूर (विशेषण, बेसुरा, बेसुरी, बेसुरे ही रूपेही रूढ) : आधारस्वराशी न जुळणारे गाणे, वादन किंवा वाद्य. फारसी ‘बे’ (विना) आणि ‘स्वर’पासून आलेला ‘सूर’ यांचा हा जोडशब्द. ‘बेसूर’ लिहिताना सू दीर्घ, ‘बेसुरा’, ‘बेसुरात’ लिहिताना ह्रस्व. नागपुरात ‘काय बेसुरा गाऊन राह्यला बे’ असे ऐकू येते. त्यातला पहिला ‘बे’ फारसी, शेवटचा नागपुरी, आणि दोघांचे काही नाते नाही.

एकटा सूर बेसूर नसतो. तो षड्जाशी (आधारस्वर ‘सा’शी) ताडूनच ठरतो. सेकंदाला ४४० आणि ४४३ कंपनांचे दोन सूर एकत्र वाजले, की सेकंदाला ३ हेलकावे ऐकू येतात. तंबोरा जुळवताना कान हेच हेलकावे शोधतो आणि ते विरेपर्यंत तारेतला मणी सरकवतो. सूर जागेच्या वर गेला तर ‘चढा’, खाली राहिला तर ‘उतरलेला’. अगदी थोडा ढळला तर ‘कणसूर’.

बेसूर आणि चूक यांत गल्लत होते. भूप रागात वर्ज्य असलेला मध्यम (‘म’) लागला तर राग बिघडला, पण तो मध्यम सुरेल असू शकतो. लय चुकली तर ते बेताल. उलट दरबारी रागाचा आंदोलित (हलता) कोमल गंधार (‘ग’) पेटीच्या पट्टीपेक्षा खाली असतो आणि तिथेच तो सुरेल. पेटीचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंटने (१ अर्धस्वर = १०० सेंट) चढाच आहे, त्यामुळे पेटीला प्रमाण मानून कुणाला बेसूर ठरवणे धोक्याचे.

भजनी मंडळांत बेसूरपणाचे मूळ बहुतेकदा पट्टीत, म्हणजे पेटीची कोणती पट्टी ‘सा’ मानली यात, असते. बायकांना सोयीची काळी चार (पेटीची चौथी काळी पट्टी) धरली, की पुरुषांचा तारसप्तक (वरचे सूर) ताणून उतरतो. काळी एक धरली, तर बायकांचा खर्ज (खालचे सूर) बुडतो.

नागपूरच्या उन्हाळ्यात वाद्ये आपणहून बिघडतात. ४५ अंशांच्या कोरड्या हवेत लाकूड आकसते, तंबोऱ्याच्या खुंट्या सरकतात आणि तापलेल्या तारा सैल पडून उतरतात. बासरी मात्र गरम हवेत चढते: २० अंशांवरून ४० अंशांवर ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटरवरून ३५५ मीटरवर जातो, वादकाचा श्वास मुळातच उबदार असल्याने प्रत्यक्षात फरक त्याहून कमी पडतो, तरी पेटीसोबत खटकण्याइतका राहतो. खरी फजिती कूलरची. त्याच्या दमट झोतात तबल्याची पुडी (वरचे कातडे) सैलावते आणि मध्यलयीपर्यंत तबला षड्जाखाली घसरतो. मग गट्टे (वाद्यांखालचे लाकडी ठोकळे) ठोकून तो चढवला आणि पुढे कुणी कूलर बंद केला, की पुडी सुकून तोच तबला वर चढतो. म्हणून वाद्ये झोतापासून दूर मांडून अर्धा-पाऊण तास तिथल्या हवेत राहू द्यावीत. कूलर चालू ठेवायचा असेल, तर तो चालू असतानाच तंबोऱ्याच्या तारांपैकी आधी जोड (मधल्या दोन ‘सा’च्या तारा), मग खर्ज (खालच्या ‘सा’ची तार), मग पंचम (‘प’ची तार) आणि शेवटी तबला मिळवावा.