स्टॉपवॉच असताना शॉट टायमर कशाला?

मे महिन्यात नागपुरात नेमबाजीच्या रेंजवर जायचं तर सकाळीच. त्यानंतर हाताला इतका घाम येतो की ग्रिप घसरते. अशाच एका सकाळी एका मुलीचे वडील माझ्या कमरेला अडकवलेली शॉट टायमरची काळी डबी पाहून म्हणाले, "सर, मोबाइलमध्ये स्टॉपवॉच आहेच ना, मग हे एवढ्या पैशाचं काऊन घ्यायचं?" प्रश्न रास्त होता. दोन्ही वस्तू सेकंदच दाखवतात. पण दोघींचं काम वेगळं आहे, आणि काही नेमबाजांना ती डबी खरंच लागत नाही.

स्टॉपवॉच माणसाच्या अंगठ्यावर चालतं. शिटी आणि बटण दोन्ही माझ्याच हातात असतात, म्हणून सुरुवात बरोबर होते. शेवटचा बार मात्र आधी माझ्या कानाला कळतो आणि मग अंगठा हलतो. त्यात साधारण ०.२ सेकंद जातात. कधी मी बार होण्याची वाट बघत असतो आणि अंगठा आधीच दाबला जातो. म्हणजे चूक कधी इकडे, कधी तिकडे. १० मीटर एअर पिस्तुलात ६० शॉट्ससाठी ७५ मिनिटं असतात, तिथे ०.२ सेकंद कोण विचारतो? पण २५ मीटर रॅपिड फायरमध्ये पाच टार्गेटवर पाच गोळ्या आधी ८, मग ६ आणि शेवटी ४ सेकंदांत मारायच्या असतात. ४ सेकंदांत ०.२ ची चूक म्हणजे रुपयामागे पाच पैसे.

शॉट टायमरमध्ये मायक्रोफोन असतो. बटण दाबलं की थोडा वेळ शांतता, मग अचानक बीप. त्यानंतर प्रत्येक बाराचा आवाज तो टिपतो आणि सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत वेळ लिहून ठेवतो. पहिली गोळी बीपनंतर किती वेळाने गेली, दुसरी पहिलीनंतर किती वेळाने, असं शेवटपर्यंत. दोन गोळ्यांमधल्या या अंतराला स्प्लिट म्हणतात, आणि टायमर घ्यायचा तो या स्प्लिटसाठी.

दोन मुलं धरा. दोघांनी पाच गोळ्या ३.७८ सेकंदांत मारल्या. स्टॉपवॉचच्या हिशेबात दोघं सारखेच. टायमर उघडला तर पहिल्याची पहिली गोळी १.५५ ला आणि पुढचे स्प्लिट ०.५६, ०.५५, ०.५७, ०.५५. दुसऱ्याची पहिली गोळी १.१० ला, मग ०.५०, ०.५२, ०.५१ आणि शेवटचा स्प्लिट १.१५. पहिल्याच्या मारण्यात मी काहीच बदलणार नाही. दुसऱ्याने हात वर येताच, साइट (पिस्तुलावरची नेम धरायची खूण) नीट दिसण्याआधीच ट्रिगर झटकला असणार. शेवटच्या टार्गेटवर पोचल्यावर त्याला धीर सुटल्याचं जाणवलं आणि तो अडकला. त्याला "जोरात मार" सांगणं चूक, आणि "हळू मार" हेही अर्धवटच. त्याला पहिल्या गोळीला थांबायला आणि शेवटच्या गोळीला न थांबायला शिकवावं लागतं. बेरीज सारखी असली की हे दिसत नाही.

टायमरमध्ये पार टाइम नावाची सोयही असते. ४ सेकंद लावले की पहिल्या बीपनंतर ४ सेकंदांनी दुसरा बीप येतो. याचा खरा उपयोग घरी, ड्राय म्हणजे बिनगोळीच्या सरावात होतो. पिस्तूल रिकामं असल्याची दोनदा खात्री करायची, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवायची आणि समोर पक्की भिंत घ्यायची. मग बीप ते बीप हात उचलणं, साइट जुळवणं, ट्रिगर दाबणं. रिकाम्या पिस्तुलाचा खटका टायमरला बहुधा ऐकू येत नाही, म्हणून तिथे स्प्लिट मिळत नाहीत. तिथे फक्त दोन बीपांचा उपयोग.

आता टायमरची खोड. तो बहिरा नाही, पण भोळा आहे. बंद रेंजमध्ये भिंतीवरून आलेला प्रतिध्वनी तो दुसरा शॉट म्हणून मोजतो, शेजारच्या लेनमधली गोळीही तुमच्याच खात्यात टाकतो. मग संवेदनशीलता कमी करावी लागते. एअर पिस्तुलाचा आवाज मुळातच बारीक, म्हणून ती वाढवली तर कूलरची घरघर आणि मागच्यांच्या गप्पाही शॉट होऊन बसतात. आपल्याकडे उन्हाळ्यात कूलर बंद करा म्हणून तर बघा!

मोबाइलवरचं फुकट ॲप? ड्राय सरावाच्या बीपला उत्तम. खऱ्या बारांपाशी फोनचा माइक गोंधळतो, तिथे मी त्यावर भरवसा ठेवत नाही.

एक गोष्ट मात्र टायमरवाले विसरतात. टायमरचा बीप मुद्दाम अनिश्चित वेळाने येतो, कारण तो मुख्यतः प्रॅक्टिकल शूटिंगसाठी, म्हणजे जागा बदलत झटपट गोळ्या मारायच्या खेळासाठी, घडला आहे. ऑलिम्पिक पद्धतीच्या रॅपिड फायरमध्ये तसं नसतं. 'अटेन्शन' म्हटल्यावर लाल दिवा लागतो आणि ७ सेकंदांनी हिरवा. हात तोवर ४५ अंशांत खाली. लंडनला २०१२ मध्ये विजय कुमारने रौप्य मिळवलं ते याच प्रकारात. महिलांच्या २५ मीटर पिस्तुलाच्या रॅपिड भागात प्रत्येक शॉटला ३ सेकंद हिरवा आणि मध्ये ७ सेकंद लाल. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई खेळांत सुवर्ण जिंकलं तो हा प्रकार. इथे ७ सेकंदांचा श्वास अंगात मुरवायचा असतो. रोज अनिश्चित बीपवर सराव केला तर मुलं दचकून हात उचलायला शिकतात. बहुतेक टायमरमध्ये ठरावीक विलंब लावता येतो, पण तो ७ सेकंदांचाच मिळेल असं नाही. तेव्हा मी सरळ स्टॉपवॉच काढतो, ७ मोजतो आणि तोंडाने "हिरवा" म्हणतो. डबी तेव्हाही कमरेला असते, पण फक्त स्प्लिट लिहायला.

त्या वडिलांची मुलगी १० मीटर एअर पिस्तूल मारते. त्यांना मी बर्डीवरून (नागपूरच्या सीताबर्डी बाजारातून) साधं स्टॉपवॉच घ्या म्हटलं, आणि उरलेल्या पैशांत छर्ऱ्यांचे डबे.