उसनवारीचा थरारपट

अभिजात साहित्यातले प्रसंग किंवा मरणाच्या तऱ्हा उचलून त्यांवर खुनांची मालिका रचणारा चित्रपटप्रकार. खुनी पुस्तकाबरहुकूम माणसे मारतो. तपास करणाऱ्याला आधी पुस्तक ओळखावे लागते. ‘थिएटर ऑफ ब्लड’मध्ये (१९७३) दुखावलेला नट शेक्सपिअरच्या नाटकांतल्या तऱ्हांनी समीक्षकांचा काटा काढतो. तिथे सगळे थट्टेवारी नेल्यामुळे जमून गेले.

फसलेले ठळक उदाहरण म्हणजे जेम्स मॅकटीग यांचा ‘द रेव्हन’ (२०१२). एडगर अ‍ॅलन पो हा भयकथा लिहिणारा अमेरिकन लेखक ऑक्टोबर १८४९ मध्ये बाल्टिमोरला वारला; त्याचे अखेरचे दिवस कसे गेले, हे कोडे सुटलेले नाही. चित्रपटाने त्या फटीत एक खुनी बसवला. तो पोच्या कथांप्रमाणे खून करतो, त्याच्या प्रेयसीला पळवतो आणि त्याला वर्तमानपत्रात नव्या कथा लिहायला लावतो. निघतो कोण, तर छापखान्यातला खिळेजुळारी! कल्पना झकास आहे.

घोटाळा लंबकापाशी कळतो. पोच्या ‘द पिट अँड द पेंड्युलम’ या कथेत (१८४२) जखडलेल्या कैद्यावर धारदार लंबक इंचाइंचाने उतरतो. कैदी उरलेसुरले मांस पट्ट्याला चोळतो, उंदीर पट्टा कुरतडतात आणि पाते छातीला लागते न लागते तोच तो निसटतो. सगळी भीती त्या वाट पाहण्यात आहे. चित्रपटात त्याच लंबकाखाली ग्रिसवोल्ड या समीक्षकाचे दोन तुकडे होतात, की लगेच पुढचा खून. (खरा ग्रिसवोल्ड १८५७ पर्यंत जगला, टोपणनावाने पोचा विखारी मृत्युलेख त्यानेच लिहिला. असा आयता खलनायक कोणी वाया घालवतो?)

उसनवारीचे मराठी प्रेक्षकाला वावडे नाही. देवलांचा ‘झुंझारराव’ ‘ऑथेल्लो’वरूनच आला. पण देवलांनी नुसता खून उचलला नाही, त्यामागचा संशयही आणला. ठाण्यात तलावपाळीवरच्या रंगायतनाला (१९७८) ज्यांचे नाव आहे, त्या राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तला सुधाकर तर ‘द रेव्हन’ पाहणाऱ्या ठाणेकराला हटकून आठवावा. खिसा रिकामा असलेला पो गुत्त्यात दारूसाठी घासाघीस करतो, पण त्याचा पहिला पेला आपण पाहिलेलाच नसतो. अपमानाने धुमसणाऱ्या सुधाकरापुढे तळीराम पहिला प्याला धरतो, तो आपल्यादेखत. म्हणून त्याचा पुढचा प्रत्येक प्याला सोसवत नाही. पो शेवटी खुन्याच्या हातचे विष पितो, तेव्हा मात्र आपण घड्याळ बघत असतो.