भरतीच्या पाण्यावरचा भात: चार्ल्सटन आणि लोकंट्री पाहण्याआधी

अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या चार्ल्सटनला जाणारे बहुतेक जण रंगीत घरांची रांग पाहतात, ओकच्या फांद्यांवरून लोंबणाऱ्या करड्या जटांखाली फोटो काढतात, कोळंबी खातात आणि परततात. त्यात वावगं काही नाही. पण ती घरं, ओकच्या त्या रांगा आणि ते ताट या तिन्हींमागे एकच पीक आहे, हे ठाऊक नसेल तर निम्मं शहर दिसतच नाही. अमेरिकेचा दक्षिण भाग म्हटला की कापूस आठवतो. इथल्या बेटांवर लांब धाग्याचा कापूस होतही असे. चार्ल्सटनची श्रीमंती मात्र भाताची.

साउथ कॅरोलायना आणि जॉर्जियाच्या या सखल किनारपट्टीला 'लोकंट्री' म्हणतात. खाड्या, दलदल, बेटं, आणि भरती-ओहोटीत पाच-सहा फुटांचा फरक. इंग्रजांनी १६७० मध्ये अ‍ॅशली नदीच्या पश्चिम काठावर वसाहत केली आणि १६८० मध्ये ती समोरच्या द्वीपकल्पावर हलवली. दुसऱ्या चार्ल्स राजाच्या नावावरून ठेवलेल्या 'चार्ल्स टाउन'चं १७८३ मध्ये 'चार्ल्सटन' झालं. सुरुवातीच्या वसाहतवाल्यांत बार्बाडोसचे ऊस-मळेवाले बरेच होते. ते येताना गुलाम घेऊनच आले, त्यामुळे गुलामगिरी या वसाहतीत पहिल्या दिवसापासून होती. आधी हरणांची कातडी आणि गुरं यांवर धंदा चालला. सतराव्या शतकाच्या अखेरीस भाताने जीव धरला आणि १७०८ च्या सुमारास वसाहतीत गोऱ्यांपेक्षा काळ्या लोकांची संख्या जास्त झाली.

पहिला भात आतल्या दलदलींत, साठवलेल्या पावसाच्या पाण्यावर होई. पाऊस चुकला की पीक गेलं. अठराव्या शतकाच्या मध्यापासून शेती नदीकाठी सरकली आणि तिथे एक युक्ती कामी आली. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं. भरती चढते तेव्हा समुद्राचं पाणी खालून आत घुसतं आणि नदीचं गोडं पाणी वर उचललं जातं. मुखापासून पुरेसं आत, जिथे खारं पाणी पोचत नाही पण भरतीचा जोर पोचतो, अशाच पट्ट्यात ही शेती जमते. खाली गेलं तर मीठ, फार वर गेलं तर पाणी उचलणारी भरतीच नाही.

कोकण-गोव्याच्या वाचकाला खाजण शेती आठवेल. साम्य आहे, पण उद्देश उलटा. रायगडच्या खारेपाटातली उघाडी किंवा गोव्यातली मानस, म्हणजे बांधातलं झडपेचं दार, भरतीचं खारं पाणी बाहेर ठेवते आणि पावसाचं पाणी जाऊ देते. कॅरोलायनात भरतीलाच पाणक्याचं काम दिलं होतं. नदीकाठच्या जंगलातले सायप्रस वृक्ष तोडून, चिखलाचे पुरुषभर उंचीचे बांध घालून खाचरं केली. बांधातून पाणी नेण्यासाठी पोकळ केलेलं सायप्रसचं खोड पुरत आणि त्याला बूच लावत. त्यावरून 'ट्रंक' हे नाव पडलं. पुढे खोडाची जागा लाकडी चौकोनी नळीने घेतली, पण नाव तेच राहिलं. नळीच्या दोन्ही टोकांना एकेक दार. शेतात पाणी घ्यायचं तर नदीकडचं दार वर उचलायचं आणि शेताकडचं नुसतं लोंबतं ठेवायचं. भरतीचं पाणी ते ढकलून आत शिरतं, ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबानेच ते मिटतं. शेत उपसायचं तर याच्या उलट करायचं. ना पंप, ना बैल. ट्रंक सांभाळणारा माणूस पाणी चाखून पाहत असे. दुष्काळात नदीचा प्रवाह मंदावला की खारं पाणी वर सरकतं, आणि अशा दिवशी दार उघडणं म्हणजे वर्षाचं पीक जाणं.

एका हंगामात शेत अनेकदा भरावं नि उपसावं लागे. पेरल्यावर मोड येईपर्यंत पाणी ठेवायचं, मग काढायचं. पुढे तण आणि किडे बुडवण्यासाठी लांब मुदतीचं पाणी, मध्ये कोरडी खुरपणी, आणि लोंब्या भरल्यावर ताटं आडवी पडू नयेत म्हणून शेवटचं पाणी. बी तरंगून जाऊ नये म्हणून ते चिकणमातीत घोळून पेरत. बोबोलिंक नावाचे पक्षी वसंतात आणि हंगामाच्या शेवटी थव्यांनी उतरत, म्हणून पेरणीच्या तारखा त्यांना चुकवून धरत आणि तरीही शेतात राखणदार लागतच. कांडण १७८० च्या दशकात पाण्यावर चालणाऱ्या गिरण्या येईपर्यंत उखळ-मुसळानेच होई.

हे सगळं करणारे लोक पश्चिम आफ्रिकेतून आणलेले होते, आणि त्यांतले पुष्कळ सेनेगांबिया नि सिएरा लिओन या भात पिकवणाऱ्या भागांतले. भातशेतीचं तंत्र त्यांनी आणलं की मालकांनी जुळवलं, यावर इतिहासकार अजून भांडतात. टाचेने बी दाबण्याची पद्धत, उखळ-मुसळ आणि पाखडायची गोल परडी मात्र अस्सल आफ्रिकी. काम 'टास्क'ने चाले: रोजचा ठरलेला वाटा, खुरपणीला साधारण पाव एकर. वाटा संपला की उरलेला वेळ आपला. ही दया नव्हती. खाचरांत मलेरिया होता, आणि मे महिन्यापासून पहिलं दव गोठेपर्यंत मळ्यावर राहायची मालकांची तयारी नव्हती. देखरेख कमी, म्हणून कामाचं माप ठरवून दिलेलं.

मलेरियाच्या या भीतीतून दोन गोष्टी घडल्या आणि प्रवासी आज त्याच पाहायला येतात. मालक उन्हाळ्यात समुद्राच्या वाऱ्यावर राहायला शहरात आले, म्हणून चार्ल्सटनमध्ये घरं उठली. आणि मळ्यांवर, बेटांवर काळे लोक बहुसंख्येने, गोऱ्यांच्या सहवासापासून बरेच दूर राहिले, म्हणून गला भाषा आणि संस्कृती टिकली. जॉर्जियाकडे तिलाच गीची म्हणतात. इंग्रजी शब्द आणि आफ्रिकी भाषांचा सांगाडा अशी ही मिश्रभाषा. 'गूबर' म्हणजे शेंगदाणा आणि 'बेनी' म्हणजे तीळ हे तिच्यातले आफ्रिकी शब्द.

आधी शहर. चार्ल्सटनचं खास घर म्हणजे 'सिंगल हाउस': एका खोलीच्या रुंदीचं, अरुंद बाजू रस्त्याला, आणि दक्षिणेला किंवा पश्चिमेला वारा घेणारी लांब दुमजली ओसरी. रस्त्यावरचं दार घरात नाही, ओसरीत उघडतं. भिंतींवर लोखंडी चकत्या दिसतात, त्या बहुतेक ३१ ऑगस्ट १८८६ च्या भूकंपानंतरच्या. आरपार सळ्या घालून भिंती आवळल्या होत्या. यादवी युद्धानंतर शहर इतकं गरीब झालं की जुनं पाडून नवं बांधायला पैसाच उरला नाही. जुनी घरं वाचली ती मुख्यतः या दारिद्र्यामुळे. १९३१ मध्ये शहराने जुन्या वस्तीच्या जतनासाठी कायदा केला, तो अमेरिकेतला अशा प्रकारचा पहिला. ईस्ट बे स्ट्रीटवरच्या 'रेनबो रो'च्या १३ घरांचे फिके रंगही १९३० च्या दशकातले. ते वसाहतकाळापासूनचे असल्याचं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्यावं.

अशीच आणखी एक चूक सिटी मार्केटबाबत होते. तिथे गुलाम विकले जात असं पर्यटक एकमेकांना सांगतात. ते बाजार भाजी, मांस आणि मासळीचे होते. माणसांची विक्री जुन्या एक्स्चेंज इमारतीच्या आसपास उघड्यावर होई, आणि १८५६ मध्ये शहराने उघड्यावरच्या विक्रीला बंदी केल्यावर ती चाल्मर्स स्ट्रीटवरच्या आवारांत गेली. तिथे आता ओल्ड स्लेव्ह मार्ट म्युझियम आहे. छोटं आहे, तासाभरात होतं. ज्या गॅड्सडेन्स व्हार्फ या धक्क्यावर, गुलामांच्या आयातीवरच्या १८०८ च्या बंदीआधीच्या शेवटच्या काळात, गुलामांची जहाजं लागत, तिथे जून २०२३ मध्ये इंटरनॅशनल आफ्रिकन अमेरिकन म्युझियम उघडलं. इमारत १३ फूट उंच खांबांवर उचलली आहे, खालची जमीन मोकळी सोडली आहे. तिकीट वेळेचं असतं, आधी काढावं. आमच्या मते सहलीची सुरुवात इथून करावी आणि रेनबो रो नंतर पाहावी. उलट क्रमाने गेलं तर घरं नुसती गोंडस वाटतात.

मळे पाहताना निवड महत्त्वाची. बरेचसे मळे बागा आणि लग्नसमारंभ विकतात. जेम्स आयलंडवरचा मॅक्लाउड मळा (हा कापसाचा) गुलामांच्या झोपड्यांपासून गोष्ट सांगतो. मिडलटन प्लेसला बागेसोबत भाताचं प्रात्यक्षिक खाचर आहे. ड्रेटन हॉल मुद्दाम फर्निचरशिवाय ठेवला आहे, बांधकामात रस असेल तर तिथे जावं. एका दिवसात दोनाहून अधिक मळे करू नयेत. उन्हाने आणि चालण्याने तिसऱ्यात काही डोक्यात शिरत नाही.

घोडागाडीची फेरी घेणाऱ्यांसाठी एक सूचना: कुठली गाडी कुठल्या भागात जाणार हे निघताना सोडतीने ठरतं. 'रेनबो रो दाखवतो' असं आधी वचन देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. यादवी युद्धाची पहिली तोफ १२ एप्रिल १८६१ ला जिच्यावर डागली, ती फोर्ट सम्टर गढी बंदराच्या तोंडाशी पाण्यात आहे. बोटीनेच जावं लागतं, अर्धा दिवस धरावा.

आता ताट. इथल्या 'परलू' किंवा 'पिलाउ'चं नाव ऐकल्यावर मराठी माणसाला परकं वाटायचं कारण नाही, तो पुलावच. टोमॅटोचा 'रेड राइस' पश्चिम आफ्रिकेच्या जोलोफ भाताचा भाऊ. नववर्षाच्या दिवशी खायचा 'हॉपिन जॉन' म्हणजे चवळीच्या जातीचं कडधान्य आणि तांदूळ. एक वाटी कडधान्य डुकराच्या खारवलेल्या मांसासोबत शिजवायचं, उरलेल्या अडीच वाट्या रश्शात दीड वाटी तांदूळ टाकून झाकायचं आणि अजिबात ढवळायचं नाही. रस्सा जास्त झाला की गिचका होतो. अख्खा तांदूळ निर्यातीला जाई आणि घरी 'मिडलिन्स' शिजत, म्हणजे आपल्या कण्या.

इथल्या जुन्या जातीचं नाव कॅरोलायना गोल्ड, साळीच्या सोनेरी रंगावरून. ती रांधायची रीत कोकणातल्या भात वेळण्यासारखी आहे. एका वाटीला सहा वाट्या खारं उकळतं पाणी, १२ ते १५ मिनिटं, मग निथळून थाळ्यावर पसरायचं आणि १५० अंश सेल्सियसच्या भट्टीत लोणी घालून दहा मिनिटं सुकवायचं. शीत न् शीत सुटं झालं पाहिजे. शिजताना ढवळलं की पिठूळपणा सुटतो आणि भात चिकटतो.

'श्रिंप अँड ग्रिट्स' हा मुळात मच्छीमारांचा सकाळचा नाश्ता. ग्रिट्स म्हणजे मक्याचा जाड रवा. जात्यावरचा असेल तर तासभर शिजतो, झटपट पाकिटातला पाच मिनिटांत, आणि चवीतला फरक लगेच कळतो. कालवं थंडीतली. इथली कालवं ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलात घोसांनी वाढतात. विस्तवावर पत्रा, त्यावर घोस, वर ओलं गोणपाट. शिंपले किंचित उघडले की काढायची, उशीर झाला तर रबर. 'फ्रॉगमोर स्ट्यू'त बेडूक नसतो. फ्रॉगमोर हे इथल्याच किनाऱ्यावरच्या सेंट हेलेना बेटावरच्या वस्तीचं नाव, आणि पदार्थ म्हणजे कोळंबी, मका, बटाटे नि सॉसेज एकत्र उकडलेलं.

शाकाहारी मंडळींनी सावध राहावं. भाज्यांची 'व्हेजिटेबल प्लेट' शाकाहारी असेलच असं नाही. कोलार्डच्या पालेभाजीत, कडधान्यांत आणि रेड राइसमध्येही डुकराचं मांस असतं, ग्रिट्स कोंबडीच्या रश्शात शिजलेले असू शकतात. "मांस नको" एवढं म्हणून भागत नाही, "पोर्क किंवा चिकन स्टॉक आहे का" असं विचारावं.

भात संपला कसा? १८६५ मध्ये गुलामगिरी संपल्यावर मळेवाल्यांना फुकटचे मजूर उरले नाहीत आणि मुक्त झालेल्यांना त्या चिखलात परत उतरायचं नव्हतं. लुइझियाना, टेक्सास आणि आर्कान्सॉच्या टणक जमिनीवर यंत्रं चालू लागली, इथल्या मऊ चिखलात ती रुतत. १८९३, १९१० आणि १९११ च्या वादळांनी बांध फोडले आणि बांधांची डागडुजी परवडेना. कॅरोलायना गोल्ड जवळजवळ नाहीसा झाला. १९८० च्या दशकात जॉर्जियातल्या सव्हाना शहराच्या एका नेत्रशल्यचिकित्सकाने आपल्या शेतात बदकं यावीत म्हणून सरकारी बीजसंग्रहातून बी मिळवून तो पुन्हा पेरला, आणि तिथून तो हॉटेलांच्या ताटात परतला.

सव्हाना चार्ल्सटनपासून गाडीने सुमारे दोन तास. ते १७३३ मध्ये आखून वसवलेलं शहर, २४ पैकी २२ चौक अजून शाबूत. जॉर्जियात आधी गुलामगिरीला बंदी होती, ती १७५१ मध्ये उठली आणि भात दक्षिणेला पसरला. एका दिवसात चौक पायी होतात. दोन शहरांमध्ये घाईने महामार्ग पकडण्यापेक्षा जुन्या १७ नंबरच्या रस्त्याने जाऊन सेंट हेलेना बेटावर थांबावं. मुक्त झालेल्यांसाठी १८६२ मध्ये निघालेली शाळा तिथे पेन सेंटर म्हणून उभी आहे. जवळच्या पडक्या चॅपलच्या भिंती 'टॅबी'च्या आहेत: कालवांचे शिंपले जाळून केलेला चुना, वाळू आणि अख्खे शिंपले समान प्रमाणात. पलीकडच्या हिल्टन हेड बेटावर १९५६ मध्ये पूल झाला, गोल्फची मैदानं आली आणि गला कुटुंबांच्या हातून जमिनी सुटत गेल्या. तिथल्या काही कुंपणबंद बंगल्यांच्या वसाहती आजही नावात 'प्लँटेशन', म्हणजे मळा, मिरवतात, हे पचायला जड जातं.

चार्ल्सटनशेजारच्या माउंट प्लेझंट गावाजवळ याच १७ नंबरच्या कडेला स्वीटग्रासच्या परड्या विकणाऱ्या बायका बसतात. भात पाखडायच्या परडीचीच ही कला. गवताची जुडी गोल वळवत पामेटो ताडाच्या पट्टीने शिवायची, छिद्र पाडायला चमच्याचा घासलेला दांडा. छोट्या परडीलाही कित्येक तास लागतात आणि किनाऱ्यावरच्या बांधकामांमुळे गवत मिळणं अवघड झालं आहे. घासाघीस करू नये.

जायला मार्च ते मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम. जून ते नोव्हेंबर वादळांचा हंगाम. मोठ्या भरतीला चार्ल्सटनचे काही रस्ते पाऊस नसतानाही तुंबतात, कारण ते बुजवलेल्या खाड्यांवर आहेत. वसंतात आणि शरदात दलदलीच्या कडेला डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या चिलटांचा चावा असतो, पूर्ण बाह्यांचे कपडे ठेवावेत. मे अखेर ते जूनच्या सुरुवातीला स्पोलेटो हा संगीत-नाट्य महोत्सव असतो, तेव्हा खोल्या महाग.

जुनी खाचरं पाहायची तर अ‍ॅशपू, कम्बाही आणि एडिस्टो या तीन नद्यांच्या खोऱ्यात जावं, त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला एस (ACE) बेसिन म्हणतात. बांध आणि ट्रंक तिथे अजून चालू आहेत, आता बदकांसाठी पाणी धरायला. शिकारीच्या हंगामात काही भाग बंद असतो, आणि बांधावर मगरजातीचे अ‍ॅलिगेटर उन्हाला पडलेले असतात, लांबूनच पाहावेत. भरतीचं वेळापत्रक पाहून भरती संपता संपता पोचावं. ओहोटी लागली की काही वेळाने लोंबतं दार पाण्याच्या दाबाने मिटताना दिसतं.