पार्श्वभूमी : जुन्या शिलाई मशीनवरची हौस कशी टिकली

शंभर वर्षांपूर्वीच्या मशीनवर आज कुणी शिवायला बसलं, तर त्याला लागणारी सुई बहुतेकदा शिवणसामानाच्या कुठल्याही दुकानात मिळते. खालचा दोरा गुंडाळायची बॉबिन मिळते, पट्टा मिळतो, बहुतेक वेळा कापड दाबून धरणारा फूटही मिळतो. त्याच वयाचा कॅमेरा किंवा टाइपरायटर बाळगणाऱ्याच्या नशिबी हे सुख नाही. गेल्या पंचवीसेक वर्षांत हौशी मंडळी जुन्या शिवणसाहित्याकडे पुन्हा वळली आहेत. त्याबद्दल लिहिताना जुन्याची ओढ आणि स्वतःच्या हातांनी करण्यातलं समाधान यांचा उल्लेख होतोच, आणि ते खरंही आहे. पण नुसत्या ओढीने भागत नाही, यंत्र चालावं लागतं. ही मशिनं आज चालतात ती कारखानदारांनी पूर्वी घेतलेल्या दोन-तीन निर्णयांमुळे, आणि जी अडून बसतात तीही अशाच एका निर्णयामुळे.

शोधाची कथा थोडक्यात उरकता येते. १७९० मध्ये इंग्लंडमध्ये कातडं शिवण्याच्या यंत्राचं पेटंट निघालं, पण त्याचे कागद ऐंशीहून अधिक वर्षं दप्तरात पडून राहिले. १८३० मध्ये एका फ्रेंच शिंप्याने साखळी टाक्याचं यंत्र केलं. सैन्याचे गणवेश शिवणारी त्याची पॅरिसमधली यंत्रं दुसऱ्याच वर्षी इतर शिंप्यांनी पोटावर पाय येईल या धास्तीने फोडून टाकली. टोकाशी नेढं असलेली सुई आणि खालून दुसरा दोरा नेणारं शटल ही जोडी त्याच दशकात न्यूयॉर्कमध्ये जमली होती. तिच्या कर्त्याने पेटंट घेतलं नाही. ते १८४६ मध्ये भलत्याच माणसाला मिळालं आणि पुढची दहा वर्षं कोर्टकचेऱ्यांत गेली. १८५६ मध्ये भांडणाऱ्या चार पक्षांनी आपापली पेटंटं एकत्र करून इतर उत्पादकांकडून दर मशीनमागे रक्कम घ्यायला सुरुवात केली. १८७७ मध्ये ही व्यवस्था संपली आणि किमती उतरल्या.

मशीन घराघरांत शिरलं त्यात हप्त्यांचा वाटा पेटंटपेक्षा मोठा होता. १८५६ मध्येच सिंगर या अमेरिकी कंपनीने मशीन आधी घरी न्या, पैसे महिन्यामहिन्याला द्या, अशी विक्री सुरू केली. १८६३ मध्ये वेगवेगळ्या मापांचे कागदी नमुने विकायला आले आणि बेतण्याचं कसब नसलेल्यालाही अंगाला बसेल असा कपडा शिवता येऊ लागला. तिसरी गोष्ट मशीनसोबतच्या जोडण्यांची. १८८९ मध्ये पेटंट मिळालेली लाकडी घडीची पेटी आजही जुन्या सामानात सापडते. चारही बाजू उघडल्या की तिचा सपाट पट्टा होतो आणि प्रत्येक पट्टीवर एकेका जोडणीची जागा कोरलेली दिसते. चुण्या घालणारी, एकसारख्या प्लेटा पाडणारी, गोट लावणारी, काठ दुमडून हेम करणारी, अशा त्या जोडण्या. काज करणारी जोडणी पुढच्या शतकात रूढ झाली. तिच्यामुळे फक्त सरळ टीप मारणारं मशीनही काज करू शकतं, कारण इथे सुई जागची हलत नाही, कापड हलतं. कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांवर पट्टी बसवून ते झाकायचे, जोडणी फूटच्या जागी लावायची आणि तिचा दुबेळका सुईच्या स्क्रूवर अडकवायचा. सुई वरखाली झाली की जोडणीच्या आतली चकती थोडी थोडी फिरते आणि कापड डावीउजवीकडे सरकवत काजाभोवती नेऊन आणते. अशा काजाच्या दोन्ही कडा इतक्या सारख्या येतात, की महागडं आधुनिक मशीन घरात असूनही काजांसाठी हे जुनं यंत्र काढणारे लोक आहेत. माझ्या मते ते बरोबर करतात.

हौशी मंडळींना खऱ्या अर्थाने उपयोगी पडलेला बदल १८८० ते १९०० च्या दरम्यानचा. तोवर बहुतेक मशिनांत खालचा दोरा होडीच्या आकाराच्या शटलमध्ये, लांबट बॉबिनवर असायचा आणि प्रत्येक टाक्याला ते अख्खं शटल पुढेमागे धावायचं. नव्या रचनेत गोल बॉबिन आली आणि तिच्याभोवती अर्धा फेरा घेऊन परत येणारा हुक. सुई पार खाली जाऊन किंचित वर आली की नेढ्याजवळ दोऱ्याचा छोटासा फास सुटतो. हुकचं टोक तो फास पकडतं, बॉबिनवरून पलीकडे नेतं आणि सोडतं. वरचा दोरा ओढला गेला की दोन्ही दोऱ्यांचा वेढा कापडाच्या मधोमध बसतो. सिंगरची १५ क्रमांकाच्या वर्गातली मशिनं याच पद्धतीची. त्यांची १५ × १ क्रमांकाची, दांड्याची एक बाजू सपाट असलेली सुई पुढे घरगुती मशिनांचं प्रमाणच होऊन बसली. युरोपात तिला १३०/७०५ म्हणतात. जिथे हे प्रमाण पाळलं गेलं नाही तिथली मशिनं आज अडचणीची ठरतात. १८६० च्या दशकातल्या मॉडेलांना १२ × १ ही सुई लागते आणि ती शोधावी लागते. पुढे १९५० च्या दशकातही काही झिगझॅग, म्हणजे नागमोडी टीप मारणाऱ्या, मॉडेलांना २०६ × १३ ही थोडी आखूड सुई देण्यात आली. ती मशिनं उत्तम शिवतात, पण सुयांचा साठा संपत आला की त्यांचा मालक चिंतेत पडतो.

दोन महायुद्धांमधला काळ हौशी मंडळींचा सर्वांत लाडका, आणि या टिपणाचा कलही तिकडेच आहे. स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या सिंगरच्या एकाच कारखान्यातून १९१३ मध्ये सुमारे १३ लाख मशिनं बाहेर पडली होती. तिथल्या मशिनांचे क्रमांक नोंदवून ठेवल्यामुळे आज मशीनच्या अंगावर ठोकलेला क्रमांक वाचून मशीनचं जन्मसाल सांगता येतं. १९३३ मध्ये ॲल्युमिनियमच्या अंगाचं, जेमतेम ५ किलोचं फेदरवेट नावाचं मॉडेल आलं. १९३५ च्या सुमारास आलेल्या २०१ क्रमांकाच्या मॉडेलमध्ये हुक पोलादी गिअरने फिरतो, तोही एकाच दिशेने, त्यामुळे त्याची टीप सरळ येते आणि आवाज कमी होतो. त्याच काळात हातमशीनही बनत होतं. त्याचा दांडा एकदा फिरवला की सुई तीनदा खाली येते. वेग हवा असणाऱ्याला हे कमी वाटेल. कॉलरच्या टोकाशी नेमक्या शेवटच्या टाक्यावर थांबून, सुई कापडात ठेवून वळायचं असतं, तेव्हा असा ताबा मोटरच्या पॅडलवर मिळत नाही. शिकणाऱ्या मुलांच्या हाती पहिल्यांदा हातमशीन द्यावं ते याचसाठी.

युद्धाने नवी मशिनं आटवली आणि जुनी कामाला लावली. अमेरिकेत १९४२ मध्ये घरगुती मशिनांचं उत्पादन थांबवण्यात आलं, कारखाने युद्धसामग्रीकडे वळले. ब्रिटनमध्ये कपड्यांचं रेशनिंग १९४१ ते १९४९ चाललं. तिथे सरकारी पत्रकं चादर मधोमध फाडून तिच्या कडा आत कशा घ्यायच्या, कॉलर उसवून उलटी कशी लावायची, हे शिकवत होती. आजच्या जुन्यातून नवं करण्याच्या छंदातल्या बऱ्याच युक्त्या या पत्रकांत छापलेल्या सापडतात.

युद्धानंतर जपानी कारखान्यांनी १५ वर्गाची रचना उचलली, सुट्या भागांची मापं आपसात ठरवून घेतली आणि ती मशिनं निर्यात केली. परदेशी दुकानदार त्यांच्यावर वाटेल ती नावं चिकटवत. फिकट निळ्या, हिरव्या, गुलाबी रंगांची ही मशिनं शेकडो नावांनी विकली गेली. नाव कुठलंही असो, आतला भाग एकाचा दुसऱ्याला बसतो. हौशी माणसाला सुरुवात करायला याहून चांगलं मशीन मिळणार नाही असं मला वाटतं. संग्राहकांनी मात्र त्यांना वर्षानुवर्षं नक्कल म्हणून कमी लेखलं.

या स्वस्त आणि दणकट मशिनांनी बाजार हलवला. दुसरीकडून युरोपातली झिगझॅग मशिनं आली. सिंगर या जुन्या बड्या कंपनीला खर्च कापणं भाग पडलं आणि १९६० च्या दशकात तिने घरगुती मशिनांतले धातूचे गिअर काढून नायलॉनचे घातले. या निर्णयावर आजही हमरीतुमरी होते, म्हणून तो नीट पाहायला हवा.

धातूचा गिअर कापून, घासून, जोडीदाराशी जुळवून बसवावा लागतो. नायलॉनचा साच्यात ओतून तयार होतो. तो आवाज करत नाही आणि त्याला वंगण कमी लागतं. शिवताना सुई अडकली तर त्याचे दात तुटतात, पण शाफ्ट आणि हुक वाचतात. त्या वेळच्या गिऱ्हाइकाला शांत, हलकं, स्वस्त मशीन हवं होतं आणि ते मिळालं. मशीन पन्नास वर्षं चालेल का, हा प्रश्न दुकानात फारसा कुणी विचारत नव्हतं.

दुसरी बाजू काळाने पुढे आणली. जुनं होईल तसं नायलॉन ठिसूळ होतं, दातांच्या बुंध्याशी चिरा पडतात आणि कपाटात न वापरता ठेवलेल्या मशीनचा गिअरही एखाद दिवशी चुरा होऊन खाली पडतो. बदली गिअर मिळतो, पण तो बसवल्यावर टायमिंग पुन्हा लावावं लागतं. सुई तळाला जाऊन साधारण अडीच मिलिमीटर वर आली की हुकचं टोक नेढ्याच्या जरा वरून, सुईला लागेल-न लागेल असं जायला हवं. ते पुढेमागे झालं की टाके सुटतात. सराव असलेल्याला हे तासाभराचं काम. नवख्याने मात्र मशीन इथेच सोडून दिल्याची उदाहरणं कमी नाहीत.

यातूनच १९६४ नंतरचं त्या कंपनीचं मशीन घेऊ नये, हा दंडक रूढ झाला. तो ढोबळ आहे. बदल एका रात्रीत झाला नव्हता आणि नंतरच्या मशिनांतही धातूचे भाग होते. उलट १९५० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या, सर्वांत भक्कम मानल्या जाणाऱ्या तिरप्या सुईच्या मॉडेलांत एक गिअर धातूचा नाहीच. तो कापडाचे थर फिनॉलिक राळेत दाबून केलेला आहे आणि अजून टिकून आहे. म्हणजे दोष धातू सोडण्यात नव्हता, निवडलेल्या द्रव्यात होता. तरीही मला कंपनीची बाजू पुरेशी पटत नाही. तेलपाणी करून घरच्या घरी वर्षानुवर्षं चालवता येईल, हा त्या मशिनांचा मुख्य गुण होता आणि नेमका तोच या बचतीत गेला. गिऱ्हाइकाला हे सांगितलंही गेलं नाही.

पुढचा काळ घरगुती शिवणकामाच्या ओहोटीचा. तयार कपडे स्वस्त झाले. १९७५ मध्ये इलेक्ट्रॉनिक घरगुती मशीन आलं आणि १९८० मध्ये क्लाइडबँकचा कारखाना बंद पडला. पण हौसेची बीजं याच काळातली. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या एका कलासंग्रहालयात जुने क्विल्ट, म्हणजे तुकडे जोडून शिवलेल्या गोधड्या, चित्रांसारखे भिंतीवर लावले गेले आणि तुकडेजोडीच्या कामाकडे लोक नव्या नजरेने पाहू लागले. १९७९ मध्ये जपानमध्ये गोल फिरत्या पात्याचा कटर आला, त्यामुळे एकसारख्या पट्ट्या कापण्याचं किचकट काम सोपं झालं. या कामाला सरळ, एकसारखी टीप पुरते. शिवणवर्गाला उचलून नेता येणाऱ्या फेदरवेटचा शोध पुन्हा सुरू झाला तो क्विल्ट करणाऱ्यांमुळेच. इंटरनेटवर जुन्या पुस्तिका मिळू लागल्यावर तर कुठलं मशीन कुठे तेल मागतं हे घरबसल्या कळू लागलं.

त्यासोबत नासधूसही वाढली. जुन्या काळ्या मशिनांवरची सोनेरी नक्षी बऱ्याचदा शेलॅकच्या, म्हणजे लाखेच्या रोगणाच्या, थराखाली असते, आणि शेलॅक अल्कोहोलमध्ये विरघळतो. स्पिरिटने पुसलं की काळं अंग आणि सोनं दोन्ही मंदावतात. तिथे मशीनचंच तेल आणि मऊ फडकं पुरतं. बिजलीवरच्या जुन्या मशिनांत रबराचं आवरण तडकून तार उघडी पडलेली असू शकते. ती बदलल्याशिवाय प्लग लावू नये.

आता हौशी मंडळींतलेच काही जण त्रिमितीय छपाईने नक्षीच्या टाक्यांच्या चकत्या आणि तुटलेल्या गिअरच्या जागी बसणारे नवे गिअर करतात आणि त्यांची मापं सर्वांसाठी खुली ठेवतात. चकत्यांवर ताण कमी येतो, त्या चांगलं काम देतात. गिअरवर सगळा भार असतो. त्यामुळे कुठलं द्रव्य वापरावं आणि मूळ मापात किती सैल सोडावी यावर आता त्यांच्यात वाद चालू आहे.