सतरा मार्चची परेड: आयर्लंडबाहेर घडलेला आयरिश सण

१९६२ साली १७ मार्चच्या सेंट पॅट्रिक्स डेसाठी, म्हणजे आयर्लंडच्या संत पॅट्रिकच्या सणासाठी, शिकागोतल्या प्लंबरांच्या युनियनने शहराच्या नदीत शंभर पौंड रंग ओतला आणि नदी जवळपास आठवडाभर हिरवीगार राहिली. हा रंग मुळात सणासाठी आणलेलाच नव्हता. कोणत्या इमारतीचं सांडपाणी चोरून नदीत सोडलं जातंय हे शोधायला प्लंबर तो वापरायचे. पूड नारिंगी, पाण्यात पडली की हिरवी. पुढे पर्यावरणवाल्यांनी ओरड केली, तेव्हा रंग बदलला आणि त्याचं प्रमाणही कमी झालं. पण दर मार्चमध्ये नदी रंगवायची प्रथा काही सुटली नाही.

खुद्द आयर्लंडमध्ये तेव्हा काय चाललं होतं? तिथे १७ मार्च हा मुख्यतः चर्चमध्ये जायचा दिवस होता. १९२७च्या कायद्याने सेंट पॅट्रिक्स डेला पब बंद ठेवले होते आणि ही बंदी काही दशकं टिकली. त्या काळात डब्लिनमध्ये त्या दिवशी राजरोस दारू मिळण्याचं प्रसिद्ध ठिकाण म्हणजे रॉयल डब्लिन सोसायटीचं श्वानप्रदर्शन. त्यामुळे वर्षातून एकदा डब्लिनकरांचं श्वानप्रेम भलतंच उफाळून यायचं.

परदेशातले आयरिश लोक मायदेशातला सण जपतात, असा आपला सरसकट समज असतो. या सणाचा इतिहास मात्र बराचसा उलटा आहे. तो घडला परमुलखात आणि मग मायदेशी गेला.

सर्वांत जुनी नोंद तर धड अमेरिकेचीही नाही, स्पेनच्या वसाहतीची आहे. फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीन या ठाण्यात १६०१ साली संत पॅट्रिकच्या नावाने मिरवणूक निघाली होती. तिथला धर्मगुरू आयरिश होता. स्पॅनिश कागदपत्रांत त्याचं नाव रिकार्डो आर्तुर असं येतं. ठाण्याच्या दारूगोळ्याच्या हिशेबात ही माहिती दडून होती, आणि ती उजेडात यायला २०१७ उजाडलं. बॉस्टनमध्ये १७३७च्या १७ मार्चला चॅरिटेबल आयरिश सोसायटी स्थापन झाली, ती करणारे प्रोटेस्टंट आयरिश होते. १७६२ साली न्यूयॉर्कमध्ये जे संचलन झालं, त्यात ब्रिटिश सैन्यातले आयरिश शिपाई चालले. म्हणजे ज्या परेडचा पुढे ब्रिटिशविरोधी बाणा झाला, तिचं पहिलं पाऊल ब्रिटिश राजाच्या पगारावर पडलं होतं.

हे सगळं बदललं बटाट्याच्या रोगाने. १८४१च्या जनगणनेत आयर्लंडची लोकसंख्या ८० लाखांच्या वर होती. १८४५पासून बटाट्याचं पीक सडू लागलं आणि पुढच्या सहा-सात वर्षांत सुमारे दहा लाख माणसं उपासमारीने आणि साथींनी गेली. त्याहून जास्त लोकांनी देश सोडला. इतर धान्य आणि जनावरं त्याच काळात बंदरांतून बाहेर जात होती, ही गोष्ट आयरिश लोक अजून विसरलेले नाहीत. आजही अख्ख्या बेटाची लोकसंख्या १८४१च्या आकड्याला पोचलेली नाही.

बोटीतून उतरलेल्या या गरीब, कॅथलिक माणसांचं अमेरिकेत स्वागत झालं नाही. खरं तर दुष्काळाच्या आधीच वातावरण तापलं होतं. १८४४ साली फिलाडेल्फियात कॅथलिकविरोधी दंगली झाल्या, चर्च जाळली गेली. न्यूयॉर्कचे बिशप जॉन ह्यूज यांनी मग आपल्या चर्चभोवती हत्यारबंद माणसं उभी केली आणि महापौरांना बजावलं, की एक जरी चर्च जळलं तरी या शहराचं मॉस्को होईल. मॉस्को म्हणजे नेपोलियन शिरला तेव्हा पेटलेलं मॉस्को. चर्चची राखण करणाऱ्यांत एन्शंट ऑर्डर ऑफ हायबर्नियन्स ही १८३६ साली न्यूयॉर्कमध्ये निघालेली संघटना होती, आणि पुढे परेडची सूत्रं तिच्याच हाती गेली.

हे लक्षात घेतलं की १९व्या शतकातली परेड कशासाठी होती ते कळतं. ती करमणूक नव्हती. आम्ही इतके आहोत, आमची मतं इतकी आहेत, आम्ही रांगेत चालू शकतो, हे शहराला दाखवायचं होतं. ज्यांना व्यंगचित्रांत माकडाच्या तोंडाचे दाखवलं जायचं, ते त्या दिवशी रेशमी पट्टे लावून फिफ्थ अॅव्हेन्यूवरून चालत. न्यूयॉर्कच्या परेडमध्ये आजही चित्ररथ नसतात. माणसं पायी चालतात, एवढंच. मला तरी शिकागोच्या नदीपेक्षा हा हट्ट जास्त भावतो.

अर्थात आपसांतला हिशेबही रस्त्यावरच चुकता व्हायचा. प्रोटेस्टंट आयरिश लोकांची मिरवणूक १२ जुलैला निघे. १८७१ साली ती न्यूयॉर्कमध्ये लष्करी बंदोबस्तात निघाली आणि गोळीबार होऊन साठाहून अधिक माणसं मेली.

परेड वर्षातून एकदा. बाकीचं वर्ष समाज जमायचा तो मंडळांच्या हॉलमध्ये. आयर्लंडच्या प्रत्येक काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, मंडळ निराळं: कॉर्कवाल्यांचं वेगळं, मेयोवाल्यांचं वेगळं, केरीवाल्यांचं वेगळं. नोकरी, लग्न, अंत्यविधीचा खर्च, सगळं तिथे जमायचं. तिथलं नाचगाणंही आपण समजतो तसं जसंच्या तसं गावाहून आलेलं नव्हतं. ‘केली’ म्हणून जो सामूहिक नाचाचा कार्यक्रम आज अस्सल आयरिश मानला जातो, त्याचा पहिला जाहीर प्रयोग ३० ऑक्टोबर १८९७ रोजी लंडनच्या ब्लूम्सबरी हॉलमध्ये झाला. आयरिश भाषा जपणाऱ्या गेलिक लीग या संघटनेच्या लंडन शाखेने तो भरवला, आणि कल्पना घेतली होती लंडनमधल्या स्कॉटिश लोकांच्या मेळाव्यांवरून.

संगीताचं तेच. कॉर्कमध्ये जन्मलेले फ्रान्सिस ओ’नील कोवळ्या वयात बोटीवर कामाला लागले, जग फिरून शिकागोच्या पोलिसांत भरती झाले आणि १९०१ साली तिथले पोलिसप्रमुख झाले. धुना गोळा करायचं त्यांना वेड होतं, पण नोटेशन लिहिता येत नव्हतं. ते काम जेम्स ओ’नील नावाचे त्यांचे सहकारी पोलिस करायचे. चांगला वादक शहरात आला की त्याला पोलिसात नोकरी मिळण्याची शक्यता बरीच वाढायची, असं म्हणतात, आणि ते खोटं वाटत नाही. १९०३ साली त्यांनी १८५० धुनांचा संग्रह छापला. तो आयर्लंडला पोचला आणि तिथले वादक त्यावरून वाजवू लागले. १९२०च्या दशकात स्लायगोचे फिडलवादक मायकल कोलमन यांच्या न्यूयॉर्कमध्ये निघालेल्या तबकड्यांनी हेच पुन्हा केलं. स्लायगोचा बाज अमेरिकेतून परत येऊन साऱ्या आयर्लंडभर पसरला, आणि त्याच्या झपाट्यात इतर भागांचे बाज मागे पडले.

या उलट्या प्रवासाची सर्वांत नाट्यमय घटना मात्र खेळाची आहे. सगळ्यांत भीषण ठरलेल्या १८४७ या दुष्काळी वर्षाची शताब्दी म्हणून १९४७ची गेलिक फुटबॉल या आयर्लंडच्या देशी खेळाची ऑल-आयर्लंड अंतिम लढत चक्क न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर खेळवली गेली. मैदान बेसबॉलचं, गोलंदाजाचा उंचवटा तसाच मध्ये. कॅव्हन विरुद्ध केरी. मैदानात साधारण ३५ हजार लोक, पण अख्खं आयर्लंड रेडिओला कान लावून बसलं होतं. समालोचक मिहॉल ओ’हेहर यांना अटलांटिकपारची लाइन ठरावीक वेळेपर्यंतच मिळाली होती आणि सामना लांबला. निकाल लागायच्या आत आवाज बंद पडणार हे दिसल्यावर, वाटेत कुणी ऐकत असेल तर कृपा करून आणखी पाच मिनिटं द्या, अशी विनवणी ते थेट प्रक्षेपणातच करू लागले. ती कुणीतरी ऐकली. लाइन चालू राहिली आणि कॅव्हनचा विजय घरोघरी पोचला.

ब्रिटनमधल्या आयरिश लोकांची गोष्ट वेगळी आणि जास्त अवघडलेली. बर्मिंगहॅमची परेड एके काळी मोठी होती. नोव्हेंबर १९७४मध्ये तिथल्या दोन पबमध्ये आयआरए या आयरिश सशस्त्र संघटनेचे बॉम्बस्फोट झाले, २१ जण ठार झाले आणि शहरात आयरिश उच्चाराने बोलणंही धोक्याचं झालं. परेड बंद पडली ती १९९६पर्यंत. लंडनमध्ये महापालिकेच्या पाठबळावर मोठा उत्सव सुरू व्हायला २००२ साल उजाडलं. उत्तर आयर्लंडमध्ये १९९८ साली शांतता करार झाल्यानंतरच हे शक्य होतं.

आणि डब्लिन? तिथे आजचा भपकेबाज उत्सव १९९६ साली सुरू झाला, सरकारने आदल्या वर्षी समिती नेमून ठरवला म्हणून. पाहुणे येतात ते अमेरिकेतली परेड मनात धरून येतात, आणि इथे त्यांना दाखवायला तसं काहीच नाही, ही त्यामागची खंत होती. २०१०पासून तर जगभरच्या प्रसिद्ध वास्तूंवर हिरवा प्रकाश टाकण्याची मोहीम आयर्लंडची पर्यटन संस्था चालवू लागली. ही सरळ जाहिरात होती.

परेडमध्ये कोण चालायचं, हा प्रश्न मात्र शेवटपर्यंत वादाचा राहिला. १९२०च्या न्यूयॉर्क परेडमध्ये हिंदुस्थानच्या स्वातंत्र्यासाठी काम करणारी काही भारतीय माणसं फेटे बांधून चालली होती. आयरिश नेते डे व्हॅलेरा त्याच फेब्रुवारीत तिथल्या भारतीयांच्या सभेत बोलले होते. टिळकांनी १९१६ साली बेळगावला काढलेल्या होमरूल लीगचं नावही आयरिश चळवळीतूनच आलेलं, हे आपल्याकडे ठाऊक आहेच.

१९९१ साली याच परेडमध्ये आयरिश समलैंगिकांचा एक गट आला. महापौर डेव्हिड डिंकिन्स त्यांच्यासोबत चालले, तर त्यांच्यावर शिव्यांबरोबर बिअरचे कॅन आले. पुढच्या वर्षांपासून त्या गटाला दार बंद. बॉस्टनमधल्या अशाच वादात १९९५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला, की परेड खासगी आयोजकांची आहे, कोणाला घ्यायचं ते तेच ठरवतील. ज्या समाजाने आपल्याला रस्त्यावर जागा मिळावी म्हणून परेड उभी केली, त्याने न्यायालयात जाऊन दुसऱ्याला जागा नाकारण्याचा हक्क मिळवला. २०१४ साली गिनेस या आयरिश बिअर कंपनीने न्यूयॉर्कच्या परेडचं प्रायोजकत्व काढून घेतलं आणि महापौरांनी चालायला नकार दिला, तेव्हा कुठे २०१५पासून दार किलकिलं झालं.

२०१८च्या परेडमध्ये आयर्लंडचे पंतप्रधान लिओ वराडकर आपल्या जोडीदारासह चालले. वडील मुंबईचे, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड, आणि स्वतः उघडपणे समलैंगिक. ते पंतप्रधान झाले तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांनी वराडवर भरपूर लिहिलं. फिफ्थ अॅव्हेन्यूवरच्या त्या चालण्यामागे सत्तावीस वर्षांचं भांडण होतं, ते फारसं कुणी लिहिलं नाही. त्याच शहराच्या स्टेटन आयलंड भागातली परेड तर त्यानंतरही अडूनच होती. तिथे समलैंगिकांच्या संस्थेला स्वतःच्या फलकाखाली चालायला मिळालं ते २०२५ साली.