शाफ्ट सीलला पाणी कुठून द्यावं?

बोटीचा शाफ्ट जिथून बाहेर पंख्याकडे जातो, ते भोक पाण्याच्या पातळीखाली असतं. तिथून पाणी आत येऊ नये म्हणून शाफ्टभोवती सील बसवतात. कोकणातल्या मासेमारी नौकांत तिथे अजूनही ग्लँड दिसतो: शाफ्टभोवती दोरीचे वेढे आणि ते दाबून धरणारा नट. शाफ्ट फिरत असताना त्यातून मिनिटाला दोन-चार थेंब पडू द्यायचे असतात, कारण दोरी थंड ठेवण्याचं काम तेच करतात. नट करकचून थेंब बंद केले की दोरी जळते आणि शाफ्टवर खाच पडते.

न ठिबकणाऱ्या सीलमध्ये दोरी नसते. रबरी बेलोज (घड्यांची नळी) कार्बनची चकती पुढे रेटतो आणि ती शाफ्टवर बसवलेल्या स्टीलच्या रोटरला टेकते. दोन्ही पृष्ठभाग अगदी गुळगुळीत असतात आणि त्यांच्यामध्ये पाण्याचा पातळ पापुद्रा राहतो. बिल्ज (बोटीचा आतला तळ) कोरडी राहते, हा मोठा फायदा. पण थेंब बाहेर पडत नाही, म्हणजे मागून ताजं पाणीही ओढलं जात नाही. त्यातच शाफ्ट गिअरबॉक्सकडून मागे उतरता असतो, त्यामुळे स्टर्न ट्यूबचं (शाफ्ट ज्यातून बाहेर जातो त्या नळीचं) सर्वांत उंच टोक म्हणजे नेमकी सीलची जागा. नळीत शिरलेली हवा तिथेच साठते. बोट वेगात असली की मागून सरकणारं पाणी नळीतलं पाणी ओढूनही घेतं. साधारण १२ नॉटच्या पुढे धावणाऱ्या बोटीला म्हणूनच सीलपर्यंत दाबाने पाणी द्यावं लागतं. हळू चालणाऱ्या बोटीत सीलच्या निपलवरची (नळी जोडायच्या बारीक तोंडावरची) नळी पाण्याच्या पातळीच्या दोन फूट वर नेऊन उघडी ठेवली तरी भागतं. हवा तिथून निघून जाते.

हे पाणी इंजिन थंड करणाऱ्या खाऱ्या पाण्याच्या वाटेवरून घ्यायचं. पंपाच्या आधी टी (तीन तोंडांचा जोड) लावला तर तिथे ओढ असते. सीलला पाणी मिळण्याऐवजी सीलकडचंच पाणी पंप ओढून घेईल. योग्य जागा हीट एक्स्चेंजरच्या (जिथे खारं पाणी इंजिनाची उष्णता घेतं) पुढे आणि एक्झॉस्टच्या एल्बोच्या (जिथे ते पाणी धुरात मिसळतं त्या वाकड्या जोडाच्या) आधी. तिथलं पाणी कोमट असलं तरी सीलला चालतं. मोठ्या होजमध्ये टी बसवून ३/८ इंची फाटा काढायचा. टी ब्राँझचा किंवा बोटीसाठी बनवलेल्या नायलॉनचा घ्यावा. पितळेतलं जस्त खाऱ्या पाण्यात निघून जातं, धातू गुलाबीसर पडतो आणि पाना लावताच मोडतो. फाट्याची होज जाड, आतून जाळी असलेली हवी. पारदर्शक पीव्हीसी नळी गरम पाण्याने मऊ पडते आणि वळणावर चिमटते. फाट्यावर व्हॉल्व्ह नको. कोणीतरी तो बंद करून विसरतो.

सर्वांत जास्त जपायचं ते सायफनला, म्हणजे पंप बंद असतानाही नळीतून आपोआप वाहत राहणाऱ्या पाण्याला. हा फाटा जोडला की समुद्राला स्टर्न ट्यूबमधून इंजिनाकडे यायला एक नवी वाट मिळते. एल्बो पाण्याच्या पातळीजवळ किंवा खाली असेल, तर त्याच्या आधी पातळीच्या बऱ्याच वर जाणारा, माथ्यावर हवेचा व्हॉल्व्ह असलेला लूप असतो. सीलचा टी या लूपच्या आधी असला पाहिजे. मग समुद्राचं पाणी लूपमध्ये आपल्या पातळीइतकंच चढतं आणि थांबतं. टी लूपच्या पुढे लागला, तर धक्क्याला बांधलेल्या बोटीत ते पाणी रात्रभर एल्बोत झिरपून थेट सिलिंडरपर्यंत पोहोचू शकतं. मग सकाळी स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. एवढं मोठं नुकसान चार इंच चुकलेल्या टीमुळे होऊ शकतं.

दोन इंजिनांच्या बोटीत दोन्ही सीलच्या फाट्यांना एक आडवी नळी जोडावी. एक इंजिन बंद पडलं तरी त्याचा पंखा पाण्याच्या रेट्याने फिरत राहतो, आणि त्या सीलला दुसऱ्या इंजिनाचं पाणी मिळतं.

जोडणी झाली की फाट्याचं सीलकडचं टोक सोडून मोजमापाच्या भांड्यात धरा आणि इंजिन चालू करून एक मिनिट मोजा. इंची शाफ्टला मिनिटाला साधारण चार लिटर हा ढोबळ हिशेब. सीलसोबतच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तो धरा. आयडलवरही धार सलग हवी. नळी सोडताना पाणी आत येईल, म्हणून सीलच्या निपलवर हाताचं बोट ठेवा आणि लाकडी गुडदी हाताशी असू द्या.

पावसाळ्यात वर ओढलेली बोट परत पाण्यात उतरवली की स्टर्न ट्यूब हवेने भरलेली असते. इंजिन बंद ठेवून, शाफ्ट थांबलेला असताना कार्बन हाताने मागे ओढून रोटरपासून क्षणभर सोडवा. आधी हवा फुसकते, मग पाणी उसळतं. पाणी आलं की सोडून द्या.

पाणी कमी पडल्याची खूण म्हणजे चिरकणारा आवाज आणि बेलोजभोवती काळी भुकटी. बहुतेक वेळा दोष सीलचा नसतो. इम्पेलरचं (पंपातल्या रबरी चाकाचं) तुटलेलं पातं, मीठ किंवा गाळ त्या बारीक निपलमध्ये अडकलेला असतो. म्हणून इम्पेलर बदलताना पाती मोजा. एखादं पातं कमी भरलं, तर सीलचा फाटाही उघडून बघा.