अगाथोक्लीसची चौकोनी नाणी

बॅक्ट्रियाचा (आजच्या उत्तर अफगाणिस्तानाच्या परिसराचा) ग्रीक राजा अगाथोक्लीस इ.स.पू. १९० ते १८०च्या सुमारास हिंदुकुशाच्या दोन्ही अंगांना राज्य करत होता. (सिराक्यूजचा अगाथोक्लीस वेगळा, तो याच्या शंभरेक वर्षे आधीचा.) प्राचीन इतिहासकारांनी याची दखल घेतलेली नाही. जे काही कळते ते नाण्यांवरून.

उत्तरेत त्याने सुमारे १७ ग्रॅम वजनाची, चांदीची गोल ग्रीक नाणी पाडली. त्यांतल्या एका मालिकेत दर्शनी बाजूला सिकंदर, दिओदोतस, युथिडेमस असे आधीचे राजे आहेत आणि मागे ‘न्यायी अगाथोक्लीस राज्य करीत असताना’ असा मजकूर. युथिडेमसने दिओदोतसच्याच घराण्याकडून राज्य हिसकावले होते, तरी इथे दोघेही पूर्वज म्हणून मिरवतात. गादीवरचा हक्क वादात असल्याशिवाय राजा एवढा आटापिटा करत नाही. पुढे लवकरच युक्रेटिडीसने बॅक्ट्रिया जिंकला. तांब्यात सुमारे २० टक्के निकेल असलेली अगाथोक्लीसची नाणीही सापडतात; हा मिश्रधातू नाण्यांत सर्रास आला तो थेट एकोणिसाव्या शतकात.

पण खरा ठेवा मिळाला १९७०मध्ये. अमू दर्या आणि कोकचा नद्यांच्या संगमावरच्या आय-खानूम इथे फ्रेंच उत्खननात ६७७ आहत नाण्यांसोबत (खुणा ठोकलेली जुनी भारतीय चांदीची नाणी) अगाथोक्लीसची चांदीची सहा नाणी निघाली. ती चौकोनी आहेत, वजनही ग्रीक मापाचे नाही. आहत नाणी हाताळणाऱ्या बाजारात ती चालावीत, म्हणूनच हा आकार. एका बाजूला नांगर आणि मुसळ घेतलेला संकर्षण (बलराम), भोवती ग्रीक अक्षरे. दुसऱ्या बाजूला शंखचक्रधारी वासुदेव (कृष्ण) आणि ब्राह्मीत ‘राजने अगथुक्लेयस’. ठसा कोरणाऱ्याची ओढाताण मात्र दिसते: शंख सुरईसारखा झाला आहे, आणि डोक्यावरचे छत्र टोपीसारखे डोक्याला चिकटले आहे. तरी काळ नेमका सांगता येणाऱ्या वासुदेव-संकर्षणाच्या प्रतिमांमध्ये या सर्वांत जुन्यांपैकी आहेत.

जुन्नरजवळच्या नाणेघाटातला सातवाहनांचा लेख याच्या शंभरेक वर्षांनंतरचा. त्याच्या आरंभीच्या वंदनातही हेच दोघे जोडीने येतात, आणि तिथेही थोरला म्हणून संकर्षणाचे नाव आधी आहे.